आजीच्या हातात द्या, तिच्या डोक्यावरून नको

मागच्या अंकात आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या मुलांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पत्रांनी इतके प्रश्न आले की बाकीचे सगळे (पार्किंगवाले दोघे रागावतील, माहितेय) पुढच्या महिन्यावर ढकललेत. या वेळी सगळं ह्याच विषयावर. नावं कुणाचीच छापत नाहीये, का ते खाली येईलच.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या मावशी साठीच्या पुढे आहेत. मुलगा दीड वर्षापूर्वी आजारपणात गेला, सून दुसरं लग्न करून निघून गेली, दोन नातवंडं मावशींकडे. नात चौथीत आहे महापालिकेच्या शाळेत, नातू अजून बालवाडीत. आम्ही आठ-दहा घरं मिळून महिन्याला पाच हजार काढायला तयार आहोत. पण काहीजण म्हणतात पैसे हातात दिले तर कुठे जातील सांगता येत नाही, वस्तू देऊ, नाहीतर दोघांना इंग्लिश मीडियमला घालू. काय करावं? (घोडबंदर रोड, ठाणे)

पैसे कुठे जातील सांगता येत नाही! अहो, तुमच्या घराची चावी मावशींकडे असते ना? तुम्ही ऑफिसला गेल्यावर कपाट उघडं राहिलं तरी त्या झाडून-पुसून कुलूप लावून जातात, तेव्हा सांगता येतं आणि पाच हजार म्हटलं की सांगता येत नाही, हे मला कधी कळलं नाही. चिडून नाही बोलत, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे एकदा बोलून टाका.

वस्तूंचं एक सांगते. लोकमान्य नगरला एका आजींकडे गेले होते, जुलै असेल, पाऊस मी म्हणत होता. दहा बाय बाराची खोली, तीन माणसं, आणि भिंतीवर एका ओळीत सात दप्तरं टांगलेली. मुलं दोनच. जून लागला की कुठलं मंडळ, कुठला क्लब, कुठल्या बँकेचा स्टाफ, एक कुणीतरी इच्छुक नगरसेवक, सगळ्यांनी दप्तरंच दिलेली. इच्छुकांच्या दप्तरावर त्यांचा हसरा फोटो छापलेला, ते पोरगी शाळेत न्यायला तयार नव्हती, मग आजींनी त्यात तांदूळ भरून ठेवलेले, उंदरापासून लांब राहतात म्हणे. सिलिंडर चार दिवसांपूर्वी संपलेला, शेजारणीच्या गॅसवर डाळ-भात चाललेला. मी विचारलं, तुम्ही त्यांना सांगितलं नाही का काय हवंय? तर म्हणाल्या, "विचारलंच नाय कुणी. रांगेत उभं केलं, दिलं, फोटू काढला."

म्हणून पहिली गोष्ट, मावशींनाच विचारा. आणि सगळ्या आठ-दहा घरांसमोर नाही, एकीनेच, चहा पिता पिता. बहुतेक वेळा उत्तर असतं खोलीचं भाडं. भाडं कुणी देत नाही कारण भाड्याचा फोटो निघत नाही.

दुसरं, पाच हजार किती दिवस देणार ते आधी ठरवा आणि मावशींना तारखेसकट सांगा. एक वर्ष तर एक वर्ष. चार महिने उत्साहाने दिलं, मग दोन घरं भाड्याने गेली, एकाची नोकरी गेली आणि ग्रुपवर कुणी बोलेनासं झालं, असं झालं तर ती बाई बिचारी त्या पैशांवर काहीतरी ठरवून बसलेली असते. त्यापेक्षा कमी द्या पण ठरल्या तारखेला द्या.

इंग्लिश मीडियमचं, सावकाश घ्या. नातवाचं वय आहे, त्याच्यासाठी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांत ऑनलाइन अर्ज करता येईल, दुर्बल घटकात बसायला वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, लॉटरी असते, घरापासून अंतर बघतात. पण ते प्रवेश शाळेच्या पहिल्या पायरीलाच, म्हणजे नर्सरी नाहीतर पहिली, ती शाळा जिथून सुरू होते तिथूनच. चौथीतल्या नातीला तो रस्ता नाही. तिला फी भरून घालाल तर दहावीपर्यंत सहा वर्षं भरणार का? आणि बाप गेलेला, आई गेलेली, आता शाळा आणि मैत्रिणी पण काढून घ्यायच्या? राहू दे तिला तिथे. आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. अभ्यासाला तुमच्यापैकी कुणी आठवड्यातून दोन संध्याकाळी बसलं तर ते फीपेक्षा जास्त.

आता खरं काम सांगते, ज्याला पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते. मावशींच्या मुलाचं बँकेचं पासबुक शोधा. भरून घ्या आणि एकेक ओळ बघा. दर वर्षी मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये कापलेले दिसले (२०२२ च्या आधी ३३०) तर तो पंतप्रधान जीवन ज्योती योजनेचा विमा, दोन लाखांचा, मृत्यू कशानेही झाला तरी. वीस रुपये कापलेले असतील तर पंतप्रधान सुरक्षा विमा, तो अपघातापुरता. माणूस गेला तेव्हा विमा चालू होता की नाही ते बघावं लागेल, नॉमिनी कोण लावलाय तेही बघावं लागेल, पण बँकेत जाऊन विचारल्याशिवाय कळणार कसं. दीड वर्ष झालंय म्हणताय, तर आणखी उशीर करू नका. आणि तो कुठल्या कंपनीत कंत्राटावर असेल, आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात अर्धी माणसं तशीच आहेत, तर जुनी पगाराची स्लिप शोधा. पीएफ कापला जात असेल तर मुलांच्या नावाने पेन्शन बसू शकतं, पंचवीस वर्षं वयापर्यंत. नाक्यावरचा बांधकाम कामगार असेल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं नोंदणी कार्ड होतं का ते विचारा. मी एका घरात हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत बघितलंय, देव्हाऱ्यामागे, दोन वर्षं कुणी उघडली नव्हती कारण आजींना वाचता येत नाही आणि मुलाच्या वस्तूंना हात लावला की रडू येतं.

सुनेबद्दल मुलांसमोर कुणी काही बोलू नका, एवढं मात्र बघा. उद्या बाल कल्याण समितीपुढे (मूल कुणाकडे राहील हे ठरवणारी सरकारी समिती) जायची वेळ आली तर आई कुठे आहे हे विचारणारच आहेत, आणि मुलांना पण ती कधीतरी हवी असणारच आहे.

प्रश्न : आमच्या शेजारच्या आजोबांकडे त्यांची नात आहे, अकरा वर्षांची, आई-वडील दोघं वारले. आजोबा मार्केटला हमाली करायचे, आता ७१ वय, होत नाही. एक एजंट म्हणतो बालसंगोपनचे पैसे चालू करून देतो, तीन हजार द्या. खरंच मिळतात का? मी बारावीला आहे, फॉर्म भरू शकते. (तुर्भे स्टोअर, नवी मुंबई)

तूच भर. एजंटला एक रुपया देऊ नका, अर्जाला फी नाही.

योजना खरी आहे. बालसंगोपन योजना, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय, महिला व बालविकास खात्याची. मुलाला आश्रमात टाकण्यापेक्षा घरच्या माणसांकडेच राहू द्या आणि खर्चाला हातभार लावा, असा त्यामागचा विचार. आधी ११०० मिळायचे, २०२३ पासून महिन्याला २२५० झाले, अठरा वर्षांपर्यंत. आई-वडील दोघं वारलेलेच पाहिजेत असं नाही बरं का, एकच पालक असेल, सोडून गेला असेल, गंभीर आजारी असेल, तरी विचार होतो. (वरच्या घोडबंदरवाल्यांनी पण हे वाचा.)

कागद लागतील ते असे: दोघांचे मृत्यूचे दाखले, मुलीचं आणि आजोबांचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, फोटो. शिवाय एक फोटो घरासमोर उभं राहून काढलेला, आजोबा आणि नात दोघं त्यात दिसले पाहिजेत. त्यासाठी स्टुडिओत जाऊन पैसे घालवू नका, तुझ्या मोबाईलवर काढ आणि प्रिंट घे. सगळ्यात वेळ जातो मृत्यूच्या दाखल्याला. मृत्यू जिथे झाला तिथल्या कार्यालयातूनच तो निघतो, गावी झाला असेल तर गावच्या ग्रामपंचायतीतून, म्हणून ते आधी हातात घे.

अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, तिथेच जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. आणि इथे लोकांचा गोंधळ होतो म्हणून सांगते, तुमची महापालिका नवी मुंबईची असली तरी तुर्भे, वाशी, नेरूळ, ऐरोली, दिघा हे सगळं ठाणे जिल्ह्यातच. पण खारघर, कामोठे, पनवेलवाल्यांनी ठाण्याला येऊन रांग लावू नये, तुमचा जिल्हा रायगड. मागे एक बाई कामोठ्याहून नातवाला कडेवर घेऊन तीन वेळा ठाण्याला आल्या होत्या, तिसऱ्यांदा कुणीतरी सांगितलं.

अर्ज गेला की घरी चौकशीला सोशल वर्कर येते. घर आवरून ठेवायची गरज नाही, आहे तसं दिसू दे. मग प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं आणि तिचा आदेश निघाला की पैसे खात्यात. दर महिन्याच्या एक तारखेला येतील अशा भरवशावर मात्र राहू नका, कधी कधी तीन-चार महिन्यांचे एकदम पडतात, म्हणून वाण्याची उधारी त्या हिशोबाने ठेवू नये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून महिन्याला ४००० ची पण एक मदत आहे, शहरात उत्पन्न वर्षाला ९६ हजारांच्या आत असेल तर. नात दोन्हीपैकी कशात बसते ते कक्षातच विचार, बिनधास्त विचार, बारावीतली मुलगी आहेस म्हणून कुणी टाळलं तर परत जा.

आजोबांचं वेगळं. ६५ च्या पुढे आहेत तर श्रावणबाळ योजनेत १५०० महिना, तहसीलदार कार्यालयातून, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १७५०. नवी मुंबईत १७५० मध्ये माणूस कसा जगतो हे अट घालणाऱ्यांना विचारायला हवं, पण अट तशी आहे.

आणि रेशन दुकानात अंगठा लागत नसेल ना त्यांचा? हमाली केलेल्या हातांच्या रेषाच राहत नाहीत. आधार केंद्रात नेऊन बोटं पुन्हा अपडेट कर, तोवर नातीचं नाव कार्डावर असेल तर तिच्या बोटावर पण धान्य निघतं. नाव नसेल तर ते आधी चढव.

प्रश्न : आमचं गणेशोत्सव मंडळ दर वर्षी पन्नास गरजू मुलांना वह्या वाटतं. या वर्षी फक्त आजी-आजोबांकडे राहणारी मुलं घ्यायची ठरलंय. देणगीदारांना फोटो आणि रील लागतात. चालेल ना? (कळवा)

नाही चालणार.

बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ बघा, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो कुठल्याही माध्यमात द्यायचा नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही म्हणाल प्रत्येक गरीब मूल त्या व्याख्येत बसत नाही. बरोबर. पण तुम्ही तर निवडूनच अनाथ मुलं स्टेजवर उभी करताय आणि माईकवरून सांगणार की ह्यांना आई-बाप नाहीत.

त्या पन्नासातली तीस तुमच्याच गल्लीतल्या शाळेत जातात हो. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी म्हणणारच, तुला काल वह्या मिळाल्या ना, तुझे पप्पा नाहीत ना. देणगीदाराला वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो पाठवा, दुकानदाराचं बिल पाठवा. आणि वह्या घरोघरी पोचवा, अंधार पडल्यावर, आजीच्या हातात. ती मुलांना देईल. मंडळाचं नाव वहीवर नको, आतल्या पानावर पण नको.

प्रश्न : माझी नात (मुलीची मुलगी) सहा वर्षांची, मुलगी गेल्यापासून आमच्याकडेच आहे, जावयांनी पाठ फिरवली. तिच्या नावाने सुकन्या खातं (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) मी उघडू का? थोडं थोडं टाकीन. (कोपरखैरणे)

काका, थांबा जरा. सुकन्या खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतो. वर्षाला २५० पासून दीड लाखापर्यंत टाकता येतं, दहा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी आहे, सगळं छान आहे, पण आजी-आजोबा आपोआप कायदेशीर पालक होत नाहीत. अशी आजी-आजोबांनी उघडलेली खाती बरीच होती म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने सूचना काढल्या, ती आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावावर करायची. म्हणजे तुमच्या केसमध्ये कुणाच्या? ज्यांनी पाठ फिरवली त्यांच्या! तुम्ही घाम गाळून टाकलेल्या पैशांवर त्यांची सही.

म्हणून आधी पालकत्वाचा कोर्टाचा आदेश घ्या, १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे त्यासाठी. वकिलाच्या फीला घाबरू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज काकूंच्या नावाने करा. तो आदेश पुढे पासपोर्टला, ऑपरेशनच्या संमतीला, सगळीकडे लागतो. ज्यांना अशा कुटुंबाला एकदाच काहीतरी मोठं द्यायचंय आणि काय द्यावं सुचत नाही, त्यांनी आजी-आजोबांना कोर्टात न्यायचं-आणायचं काम घ्या, चार-पाच तारखांना रजा काढा.

आदेश येईपर्यंत तुमच्याच नावाने पोस्टात रिकरिंग उघडा. नॉमिनी नातीला लावा आणि ती लहान आहे तोवर तिच्या वतीने पैसे घेणारा म्हणून काकूंचं किंवा विश्वासातल्या माणसाचं नाव लिहा.

प्रश्न : संस्थेला देणगी देताना काय बघावं? (वाशी)

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, ८०जी (देणगीवर करसवलत मिळवून देणारी नोंदणी) आहे का, वर्षाअखेरीला फॉर्म १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) देतात का. दोन हजारांवर रोख दिलीत तर करात सवलत नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर ८०जी ची सवलतच नाही, मग पावतीसाठी भांडू नका. मी आणखी एक विचारते, मुलं घरी राहतात की तुमच्या हॉस्टेलला? आजी धडधाकट आहे, सांभाळायची इच्छा आहे आणि अडचण फक्त पैशांची आहे तर मूल घरातून उचलून हॉस्टेलला नेणारी संस्था मला पटत नाही. कायद्यातही संस्था हा शेवटचा पर्याय आहे, पहिला नाही.

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. आठवीतला एक हुशार मुलगा आजोबांकडे राहतो. शाळा सोडून गॅरेजला जातो म्हणतोय. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून किराणा नेला तर आजोबांनी दारातूनच परत पाठवला, म्हणाले आम्ही भिकारी नाही. (दिघा)

बाई, किराणा घेऊन किती जणी गेला होतात? चार? मी असते तर मीही परत पाठवला असता. चाळीत चार बायका पिशव्या घेऊन आल्या की सगळी दारं उघडतात.

मुलाचं वय बघा, चौदाच्या आत असेल तर गॅरेजला ठेवणं गुन्हाच आहे, मालकाला तेवढं सांगितलं तरी पुरतं बऱ्याचदा. नाही ऐकलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. पण पोराला गॅरेज आवडत असेल तर ते वाईट नाही हो, दहावीनंतर आयटीआय आहे, मोटार मेकॅनिकचा ट्रेड आहे, हे त्याला कुणी सांगितलंय का?

आणि आठवीत आहे म्हणताय तर एनएमएमएस ची, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा! पास होऊन यादीत आला तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठीच आहे, सातवीला ५५ टक्के लागतात, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. फॉर्म शाळेतूनच भरला जातो, तारीख चुकवू नका, मुख्याध्यापकांच्या मागे लागा. बुद्धिमत्ता चाचणीचे जुने पेपर त्याच्याकडून सोडवून घ्या, शाळा सुटल्यावर अर्धा तास. हे पैसे कुणी दिलेले नसतील, त्याने मिळवलेले असतील, आणि आजोबांना ते कसे सांगायचे हे तुम्हाला मी सांगायला नको.

उत्पन्नाचा दाखला मात्र लागेल, तो काढायला आजोबांनाच जाऊ द्या. तुम्ही एकट्याच जा एकदा, रिकाम्या हाताने, फॉर्मचा कागद घेऊन, आणि म्हणा की आजोबा, तुमच्याकडून एक काम होतं. चहा विचारला तर नाही म्हणू नका.